उधारीवर घर घ्या, पण उधारी नोंदवून

घरकर्जाची फाइल पुढे सरकण्याआधी बँक एक कागद मागते: खरेदीदाराने स्वतःचा हिस्सा विक्रेत्याला दिल्याची पावती. दलाल आणि बँकेतली मंडळी तिला ‘ओसीआर’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के अशी मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. अपवाद फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांचा. त्यामुळे पुण्यात 60 लाखांचा फ्लॅट घ्यायचा तर 12 लाख हिस्सा, 7 टक्क्यांनी 4 लाख 20 हजार मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी, असे साडेसोळा लाख आधी हातात लागतात.

ते नसतील तर कुणीतरी हळूच सुचवतं, ‘विक्रेत्याला सांगा, 12 लाख पोचल्याची पावती देऊन टाक, पैसे वर्षभरात देतो.’ कुठे 60 लाखांच्या फ्लॅटचं खरेदीखत 75 लाखांचं होतं, म्हणजे 80 टक्क्यांच्या कर्जातच पूर्ण किंमत निघते. आजकाल याच प्रकाराला ‘क्रिएटिव्ह फायनान्सिंग’ असं गोंडस नाव देऊन त्याचे वर्ग चालतात. स्वतःचा एक रुपयाही न घालता चार घरांचे मालक व्हा, असं तिथे शिकवतात.

विक्रेत्याच्या उधारीवर घर घेण्यात गैर काहीच नाही. कायद्यात त्याची सोय 1882 पासून आहे. गैर आहे ती उधारी लपवणं. आपल्याकडच्या बहुतेक ‘सर्जनशील’ व्यवहारांचं सगळं कौशल्य लपवण्यातच खर्च होतं.

हे सगळं अमेरिकेतून आलं आहे, आणि तिथे ते का चाललं हे समजून घेतलं की इथे का चालत नाही तेही कळतं. ऑक्टोबर 1981 मध्ये तिथल्या 30 वर्षांच्या घरकर्जाचा दर 18 टक्क्यांवर गेला होता. जुन्या कर्जदारांचे दर मात्र त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी, आणि तीस वर्षांसाठी पक्के. साहजिकच नवं कर्ज काढण्यापेक्षा विक्रेत्याचं जुनं कर्ज त्याच्याच नावावर ठेवून त्याचे हप्ते आपण भरत राहायचे, ही युक्ती लोकप्रिय झाली. बँकांनी विरोध केला. 1982 च्या कायद्याने त्यांचा हक्क पक्का झाला: घर परस्पर विकलं गेलं तर उरलेलं सगळं कर्ज एकदम मागता येतं. तरीही ही युक्ती टिकून राहिली, कारण जुन्या स्वस्त कर्जाला खरोखरच किंमत होती.

आपल्याकडे ती किंमत नाही. इथली बहुतेक घरकर्जं बदलत्या दराची आहेत आणि ऑक्टोबर 2019 पासून बँकांची अशी नवी कर्जं रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. विक्रेत्याने पाच वर्षांपूर्वी घेतलेलं कर्ज आज जवळपास आजच्याच दराने चालतं. ते ‘वारशाने’ घेऊन मिळणार काय? जोखीम मात्र पुरेपूर मिळते. हप्ते तुम्ही भरता, कर्जदार आणि मालक विक्रेताच राहतो. त्याने त्याच घरावर आणखी टॉप-अप कर्ज काढलं, तो दिवाळखोर झाला, घटस्फोटात घरावर दावा लागला किंवा तो गेला आणि वारसांनी ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हटलं, तर तुमच्या हातात फक्त हप्ते भरल्याच्या नोंदी. कर्ज फिटल्यावरही बँक मूळ कागद कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला देणार, तुम्हाला नाही. हे टाळायचा रस्ता सरळ आहे. विक्रेत्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र, आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी घ्यायची आणि तुमच्या बँकेने ते कर्ज फेडून कागद परस्पर ताब्यात घ्यायचे. व्यक्तिगत कर्जदाराच्या बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. हा कंटाळवाणा रस्ता सोडून भलतीकडे जाण्याचं खरं कारण बहुतेकदा एकच असतं: तुमची बँक तुम्हाला कर्ज देणार नसते.

दुसरा फरक भाड्याचा. अमेरिकेत बऱ्याच शहरांत भाड्यातून हप्ता निघतो किंवा निघण्याच्या जवळ येतो, आणि ‘स्वतःचे पैसे न घालता’ ही सगळी शिकवण त्या एका गृहीतावर उभी आहे. आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. 60 लाखांच्या फ्लॅटला महिना 15,000 भाडं धरलं तर वर्षाचे 1 लाख 80 हजार, किमतीच्या 3 टक्के. 48 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 41,655. सोसायटीची देखभाल आणि मिळकत कर मिळून महिना साडेतीन हजार धरले, तर दरमहा सुमारे 30 हजार खिशातून जातात आणि वर्षाला 3 लाख 60 हजार. त्यातले पहिल्या वर्षी मुद्दलात फक्त 95 हजारांच्या आसपास जमा होतात. उरलेले 2 लाख 65 हजार भरून यायला घराची किंमत दरवर्षी साडेचार टक्क्यांच्या जवळपास वाढायला हवी. एवढी वाढ झाली तर आपण फक्त जागच्या जागी राहतो. सुरुवातीच्या साडेसोळा लाखांवरचं व्याज यात धरलेलंच नाही.

आता त्या 12 लाखांची सोयही उधारीनेच केली तर काय होतं? 30 हजारांचा खड्डा आणखी मोठा होतो. विहिरीचा झरा आटलेला असताना दोर लांब केल्याने पाणी वर येत नाही. राहत्या घरांच्या गुंतवणुकीत नवशिक्याचं जे चुकतं ते इथे चुकतं. उधारी कुठून आणायची हे तो शिकतो, ती फेडायला पैसा कुठून येणार हा प्रश्न पुढे ढकलतो, आणि त्याचं उत्तर म्हणून भाववाढ गृहीत धरतो.

खरं तर आपल्या गावाकडे अशा ‘सर्जनशील’ व्यवहाराची जुनी परंपरा आहे. तिचं नाव मुदत खरेदी. अडलेला शेतकरी जमीन ‘विकतो’, ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की जमीन परत, असा शब्द मिळतो. कायद्याच्या भाषेत हे सशर्त विक्रीचं गहाण. पण संपत्ती हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 मध्ये 1929 पासून एक अट आहे: परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. सावकाराला ही अट तोंडपाठ असते. तो खरेदीखत साधं, बिनशर्त करून घेतो आणि परतीचा करार वेगळ्या कागदावर किंवा नुसता तोंडी ठेवतो. मुदत उलटली की तो मालक, आणि शेतकऱ्याला ‘हे गहाण होतं’ हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात अशी बळकावलेली जमीन परत देण्याचे अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहेत, यावरूनच हा प्रकार किती बोकाळला होता ते समजतं. शहरातल्या वर्गात ‘अडचणीतला विक्रेता शोधा’ असं शिकवतात तेव्हा हाच सावकार टाय लावून आलेला असतो.

बिल्डरांनीही आपली आवृत्ती काढली, 20:80. तुम्ही 20 टक्के भरा, 80 टक्के कर्ज बँक देईल आणि ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल. ऐकायला झकास. पण कर्ज तुमच्या नावावर असायचं आणि बांधकाम जोत्यावर असतानाच बरीचशी रक्कम बिल्डरकडे जायची. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक तुमच्या दारात, सिबिल तुमचा खराब, घर अजून हवेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडा. गृहवित्त कंपन्यांना राष्ट्रीय आवास बँकेने जुलै 2019 मध्ये अशा योजनांपासून लांब राहायला सांगितलं. आणि एप्रिल 2025 मध्ये दिल्लीच्या परिसरातल्या प्रकल्पांबाबत सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे सोपवावी लागली. सूचना आल्या तरी माणसं अडकायची थांबली नव्हती.

मग उधारीचा सरळ मार्ग कोणता? तो त्याच संपत्ती हस्तांतरण अधिनियमातल्या विक्रीच्या व्याख्येत आहे. कलम 54 म्हणतं, विक्री म्हणजे दिलेल्या, देण्याचं वचन दिलेल्या किंवा अंशतः दिलेल्या आणि अंशतः वचन दिलेल्या किमतीच्या बदल्यात मालकीचं हस्तांतरण. म्हणजे सगळे पैसे न देताही खरेदीखत होऊ शकतं. विक्रेत्याचं काय? त्याच्यासाठी कलम 55 आहे: मालकी गेली आणि पैसे राहिले, तर राहिलेल्या रकमेचा बोजा त्या मिळकतीवर चढतो, ताबा दिल्यापासूनच्या व्याजासह. पुढे कुणी ती मिळकत विकत घेतली आणि पैसे थकल्याचं त्याला माहीत असेल, तर बोजा त्याच्याही मानगुटीवर.

‘माहीत असेल तर’ यातच सगळी मेख आहे. नोंदवलेल्या खरेदीखतात ‘संपूर्ण मोबदला पोचला’ असं लिहिलं की पुढच्या खरेदीदाराला थकबाकी माहीत असण्याचं कारण उरत नाही आणि विक्रेत्याचा बोजा कागदोपत्री विरून जातो. खोटी ओसीआर पावती देणाऱ्या विक्रेत्याने नेमकं हेच स्वतःच्या हाताने केलेलं असतं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातमधल्या एका जमिनीचं प्रकरण आलं होतं. किंमत सुमारे पावणेदोन कोटी, दस्तात 36 चेकचा तपशील, आणि विक्रेत्यांचं म्हणणं असं की हातात पडले फक्त 40 हजार. खरेदीखत 2009 चं, दावा 2014 चा. न्यायालयाने सांगितलं की पैसे मिळाले नाहीत एवढ्याने नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही. पैशासाठी वेगळा उपाय आहे, आणि हा दावा तर मुदतीतही नाही. उधारी देणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने हा निकाल वाचावा. खरेदीदारानेही वाचावा, कारण एकदा हे समजल्यावर शहाणा विक्रेता त्याला तोंडी उधारी देणारच नाही.

प्रामाणिक दस्त कसा असतो ते एका उदाहरणात पाहू. किंमत 45 लाख, नोंदणीच्या दिवशी 15 लाख, उरलेले 30 लाख 8 टक्के व्याजाने 10 वर्षांत, दरमहा 36,398 रुपये. मिळालेले 15 लाख कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून आले ते यूटीआर क्रमांकासह, म्हणजे बँक व्यवहाराच्या क्रमांकासह, दस्तात लिहायचं. हप्त्यांचं वेळापत्रक परिशिष्ट म्हणून दस्तालाच जोडायचं, वेगळ्या नोटरी कागदावर नाही. ‘उर्वरित रकमेचा बोजा मिळकतीवर राहील, विक्रेत्याच्या लेखी संमतीशिवाय मिळकत विकणार वा गहाण ठेवणार नाही’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत हवं. त्याहून पक्कं करायचं तर खरेदीदाराने त्याच दिवशी विक्रेत्याच्या नावे वेगळं नोंदणीकृत गहाणखत करून द्यावं. त्याचं मुद्रांक शुल्क वेगळं पडतं, पण इंडेक्स-2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढणाऱ्याला ते स्वतंत्र दिसतं. ही चार पैशांची काटकसर करू नये. सोसायटीला बोजाचं पत्र देऊन पोच घ्यावी. हप्ता बँकेतूनच जायला हवा. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर तेवढाच दंड आयकर खातं लावू शकतं. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का टीडीएस कापायचा, शेवटी एकदम नाही. बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग नोटिसा येतात.

मुद्रांक शुल्क मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या सरकारी दरावर, जे जास्त असेल त्यावर भरावं लागतं. ते टाळायला काहीजण खरेदीखत न करता फक्त साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करतात आणि ताबा देऊन टाकतात. महाराष्ट्रात ताब्यासह केलेलं साठेखत मुद्रांकापुरतं खरेदीखतच समजलं जातं, त्यामुळे शुल्क वाचत नाही, फक्त मालकी अर्धवट लटकते. आणि साठेखताला कुलमुखत्यारपत्र जोडून ‘झाला व्यवहार’ म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे की त्याने मालकी मिळत नाही.

दस्त करण्याआधी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ई-सर्च आणि वकिलाकडून 30 वर्षांचा शोध ही नेहमीची पद्धत. नवशिके विसरतात ते दोन शोध: मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदली आहे का, आणि सेरसाईवर, म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीत, त्या मिळकतीवर कर्ज दिसतं का. बोजा असलेलं घर उधारीवर घेणं म्हणजे विक्रेत्याच्या बँकेचे हप्तेही आपल्याच पैशांवर अवलंबून ठेवणं.

शेवटच्या मोठ्या हप्त्याचं आमिष वेगळं सांगायला हवं. त्याच 30 लाखांवर फक्त व्याज भरत राहिलं तर महिना 20 हजार, आणि पाच वर्षांनी पूर्ण 30 लाख एकदम. ‘तोवर बँकेचं कर्ज काढू’ असं सगळे म्हणतात. पाच वर्षांनी तुमचं वय, उत्पन्न, सिबिल, बँकेने काढलेलं मूल्यांकन, सगळं जुळून यावं लागतं. पैशाची सोय आज नाही म्हणून उधारी घेतो आहोत हे विसरू नये. मोठा शेवटचा हप्ता घ्यायचाच तर त्याच्या किमान दोन वर्षं आधी बँकेत अर्ज करता येईल अशी मुदत ठेवावी, आणि आधी फेडण्याचा हक्क दस्तात बिनदंड लिहून घ्यावा.

आता खरा सवाल: 45 लाखांच्या त्या घराला भाडं 12 हजार मिळणार आणि हप्ता 36 हजारांचा, तर यात गुंतवणूक कुठे? राहत्या घरात ती नाहीच, आणि ते मोकळेपणाने मान्य करावं. विक्रेत्याची उधारी तिथे स्वतः राहणाऱ्याला उपयोगी, म्हणजे ज्याचं उत्पन्न खरं आहे पण पगाराची स्लिप नाही, अशा छोट्या व्यावसायिकाला. गुंतवणुकीसाठी ती शोभते दुकानाच्या गाळ्याला किंवा गोदामाला, जिथे किमतीच्या मानाने भाडं बरंच जास्त असतं आणि बँका हात आखडता घेतात. विकणाराही बहुधा निवृत्त व्यापारी असतो. त्याला एकदम गठ्ठा नको असतो, दरमहा रक्कम हवी असते. दोघांची गरज खरोखर जुळते अशी ही जागा आहे. मात्र एक तृतीयांशपेक्षा कमी रक्कम आधी घेऊन विक्रेत्याने सही करू नये. हप्ते थकले तर बोज्याची अंमलबजावणी कोर्टातून करावी लागते. त्यासाठी 12 वर्षांची मुदत असली तरी त्या वर्षांत गाळा खरेदीदाराच्याच ताब्यात असतो.

मग असे उघड व्यवहार होत का नाहीत? लोक चोरटे आहेत म्हणून, हे सोपं उत्तर झालं. कारण करात आहे. आपल्याकडे भांडवली नफ्यावरचा कर ज्या वर्षी मालकी गेली त्या वर्षी पूर्ण किमतीवर लागतो, पैसे दहा वर्षांनी येणार असले तरी. वरच्या उदाहरणातल्या विक्रेत्याने घर 20 लाखांना घेतलं असेल तर नफा 25 लाख, 12.5 टक्के दराने आणि उपकर धरून कर 3 लाख 25 हजार, आणि तो 15 लाख हाती आले असतानाच. नवं घर घेऊन कर वाचवायचा तर नफ्याचे 25 लाख ठरलेल्या मुदतीत गुंतवायला हवेत. त्याच्याकडे आहेतच 15. उधारी उघडपणे लिहिणाऱ्याला कायदा असा कोंडीत पकडतो, आणि खोटी पावती देणारा मात्र कागदावर सुटसुटीत दिसतो. अमेरिकेत हप्त्याच्या विक्रीत जेवढी रक्कम ज्या वर्षी आली तेवढ्या प्रमाणात त्या वर्षी कर भरण्याची सोय आहे. आपण तिथून युक्त्या उचलल्या, ही सोय मात्र उचलली नाही.

यावर आक्षेप येईल की अशी सवलत दिली तर काळा पैसा हप्त्यांच्या आडून फिरेल. म्हणून ती सरसकट नको. बोजा दस्तात लिहिलेला, प्रत्येक हप्ता बँकेतून गेलेला आणि विक्रेता व खरेदीदार नातेवाईक नसलेला, एवढ्या तीन अटींवर द्यावी. नोंदणीकृत दस्त आणि पॅन क्रमांक खात्याकडे जातातच, तेव्हा ताळा घालायला नवी यंत्रणा लागणार नाही. राज्याच्या हातातलं काम त्याहून छोटं आहे: नोंदणी कार्यालयात हप्त्याच्या विक्रीचा एक नमुना दस्त ठेवायचा, आणि मिळकत पत्रिकेवर व सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेच्या बोजासारखीच विक्रेत्याच्या बोजाची नोंद आपोआप जाईल असं करायचं. शेवटचा हप्ता पोचल्यावर विक्रेत्याने 30 दिवसांत बोजामुक्तीचा दस्त नोंदवून द्यायचा. बँकांना कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत द्यायला एवढेच दिवस आहेत आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई. दहा वर्षांत विक्रेता गेला तर ते काम त्याच्या वारसांवर येतं, म्हणून हप्ता कुणाच्या खात्यात जायचा आणि मुक्तीवर कुणी सही करायची, त्यांची नावं पहिल्याच दस्तात लिहून ठेवण्याची सोय त्या नमुन्यात असावी.